‘फिट’चा शिक्का मारला म्हणजे दुखणे संपले काय?



गेल्या वर्षी आमच्या शाखा कार्यालयात आम्ही एका भगिनीला हार घातला आणि पेढे वाटले. चेन्नईच्या एका कोचिंग डेपोत ती हेल्पर आहे. मूळची सोलापूरकडची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली. सगळा डेपो तिला अक्का म्हणतो. तमिळमध्ये थोरली बहीण ती अक्का, आणि आपल्या सोलापूर-कोल्हापूरकडेही अक्काच. एवढ्या एका शब्दापुरता तरी आमच्या डेपोत भाषेचा वाद कधी झाला नाही.

अक्काला स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन झाले, केमोची सलाइने झाली, मग शेक, म्हणजे रेडिएशन. नऊ महिने ती सिकवर होती. केस गेले, परत आले. शेवटी डॉक्टरांनी फिट सर्टिफिकेट दिले, ते घेऊन ती थेट युनियनमध्ये आली. आम्ही म्हणालो, “अक्का, सुटलात तुम्ही. आता सगळे विसरून जा आणि ड्युटीला लागा.” ती नुसती हसली.

त्यानंतर पाचव्या महिन्यात ती पुन्हा आली. या वेळी हातात मेमो होता. पिट लाइनवर डब्याखाली काम करताना हातातून पाना निसटला, शेजारच्याच्या पायावर पडता पडता राहिला. आठवड्यात असे दोनदा झाले. सुपरवायझरने लेखी खुलासा मागितला होता. आम्ही नेहमीप्रमाणे खुलासा लिहायला बसलो आणि विचारले, “काय झाले नक्की?” तिने पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. एकही गोळी कमी झालेली नव्हती.

ती म्हणाली, “दादा, ही गोळी घेतली की सकाळी हाताची मूठ मिटत नाही. नाही घेतली की हळूहळू मिटायला लागते. मूठ मिटली नाही तर पाना धरू कसा? पाना पडला की मेमो येतो. म्हणून दोन आठवडे झाले, गोळी बंदच केली.”

मेमोला खुलासा लिहायचा होता, तो त्या दिवशी आमच्या हातून लिहून झाला नाही.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. डॉक्टरकी हा आमचा प्रांत नव्हे. पण अक्काबरोबर तिच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो, खोदखोदून विचारले, आणि जे समजले ते प्रत्येक शाखा सचिवाला माहीत असायला हवे असे आमचे मत झाले. भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज पहिला क्रमांक स्तनाच्या कर्करोगाचा आहे. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. (पुरुषांनाही हा रोग होतो, क्वचित, पण होतो. तेव्हा हसण्यावारी नेऊ नये.) यातल्या निदान निम्म्या स्त्रियांच्या गाठी शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसतात. ऑपरेशनने गाठ निघते. पण एखादी पेशी कुठे दडून बसली असेल तर तिचे खाद्य तोडावे लागते. त्यासाठी रोज एक गोळी, निदान ५ वर्षे, काहींना १० वर्षांपर्यंत.

या उपचाराला हार्मोन थेरपी म्हणतात. हे नावच फसवे आहे. बायका समजतात की आपल्याला हार्मोन देत आहेत. खरे तर गोळी हार्मोनच्या विरुद्ध काम करते. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना बहुधा टॅमॉक्सिफेन देतात. ते हार्मोनला गाठीच्या पेशीवर बसू देत नाही. पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन यांपैकी एखादी देतात, ती शरीरात इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. टॅमॉक्सिफेनची गंमत अशी, की १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या आय.सी.आय. कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते तयार केले तेव्हा कंपनीला हवी होती संततिनियमनाची गोळी. त्या कामाला ते उपयोगी पडले नाही, आणि कर्करोगावर लाखो बायकांच्या कामी आले. ५ वर्षे नीट घेतले तर पुढच्या १५ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०११ साली दाखवले गेले.

म्हणजे ही शक्तीची गोळी नव्हे. हा ऑपरेशनइतकाच उपचार आहे, आणि तो फिट सर्टिफिकेट मिळाल्यानंतर सुरू राहतो. आमचा मुद्दा इथेच आहे.

हार्मोन तोडले की शरीर कुरकुरते. अंगातून एकाएकी आगीचा लोळ उठतो, घामाने पोलके भिजते, पाठोपाठ थंडी वाजते. रात्रीतून चार-चार वेळा. झोप मोडते. मे महिन्यात चेन्नईत ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात त्या दिवसांत निरोगी माणूस पत्र्याच्या शेडखाली उभा राहू शकत नाही, तिथे या बाईच्या अंगात आणखी एक भट्टी पेटते. लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्यांनी सांधे धरतात, विशेषतः सकाळी उठल्यावर बोटे, मनगटे, गुडघे. हाडे हळूहळू विरळ होतात. मन खिन्न होते, चिडचिड होते, साधी गोष्ट आठवत नाही. टॅमॉक्सिफेनने पाय व फुफ्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. प्रत्येकीला सगळे होते असे नाही. काहींना काहीच होत नाही. पण ज्यांना होते त्यांना रोज होते, आणि वर्षानुवर्षे होते.

मग त्या काय करतात? अक्काने केले तेच करतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ८,७६९ स्त्रियांच्या औषधांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१० साली तो अभ्यास छापून आला. पूर्ण मुदत, नियमितपणे गोळी घेणाऱ्या निघाल्या निम्म्याहून किंचित कमी. तिथे ही गत. डब्याखाली वाकून काम करणाऱ्या, ट्रॅकवर खडी ओढणाऱ्या, पोस्टात रात्रपाळीला टपाल लावणाऱ्या आपल्या भगिनींचे काय होत असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला आमच्या पाहण्यात नाही.

आता प्रशासनाचा न्याय पाहा. रेल्वेच्या भाडे-सवलतीच्या नियमांत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा ‘नियतकालिक तपासणीसाठी’ प्रवास करताना सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडे पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के माफ. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणारे आणि चेन्नईला अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये येणारे हजारो लोक तिचा लाभ घेतात. चांगला नियम आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या नियमाचा अर्थ काय होतो? अर्थ असा की कर्करोगाचे दुखणे ऑपरेशनने संपत नाही, तपासण्या वर्षानुवर्षे चालतात, हे रेल्वेला ठाऊक आहे. उतारूच्या बाबतीत ठाऊक आहे. तीच बाई उद्या रेल्वेची नोकर म्हणून मस्टरवर सही करायला आली, की रेल्वे ते विसरते. तिथे दोनच खाती: फिट आणि अनफिट. अनफिट ठरली तर कॅटेगरी उतरवून दुसरे काम देण्याचा नियम आहे, त्यात पगाराला संरक्षण आहे. फिट ठरली तर पिट लाइन, पाना आणि मेमो. मधले खातेच नाही. हलकी ड्युटी मिळाली तर ती साहेबाच्या मर्जीवर, आणि साहेबाची बदली झाली की मर्जीही बदलते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मोजली आहेत, त्यांत कर्करोग नाही. केंद्र सरकारने २०२३ साली अवयवदान करणाऱ्या कर्मचाऱ्याला ४२ दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिली. तिचे आम्ही स्वागतच केले. मग ५ वर्षे रोज गोळी घेणारीला तपासणीच्या दिवसापुरती तरी रजा का नको?

काही साथी म्हणतात, हा बायकांचा प्रश्न आहे, युनियनने यात पडू नये. त्यांना आम्ही अड्यारचीच गोष्ट सांगतो. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण १९२३ साली कर्करोगाने गेली. त्या दुःखातून त्यांनी मद्रासला कर्करोगाचे इस्पितळ हवे असा ध्यास घेतला. तीस वर्षे सरकारदरबारी खेटे घातले, लोकांकडे हात पसरले. शेवटी विमेन्स इंडियन असोसिएशन या स्त्रियांच्या संघटनेमार्फत १९५४ च्या जूनमध्ये १२ खाटांवर कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये तिथे रुजू झालेल्या डॉ. शांता यांनी ती वाढवली. डॉ. शांता यांना २००५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२१ च्या जानेवारीत त्या वारल्या, तोवर त्या इस्पितळाच्या आवारातच राहत होत्या. आज तिथे पुरुष रुग्णही रांगेत असतात, आपले रेल्वेवालेही असतात. ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून त्या संघटनेने इस्पितळ फक्त बायकांपुरते ठेवले असते, तर आपण कुठे गेलो असतो?

आणि ‘हा खासगी प्रश्न आहे’ हे वाक्य तर आपल्या चळवळीने किती वेळा ऐकले! आमचे वडील १९७४ च्या मे महिन्यातल्या २० दिवसांच्या संपात होते. त्या संपाच्या मागण्यांत आठ तासांच्या ड्युटीची मागणी होती. इंजिनवर चौदा-चौदा तास जागणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे मिटत, तेव्हाही साहेब म्हणत, हा माणूसच आळशी. झोप हा खासगी प्रश्न नाही, कामाच्या तासांचा प्रश्न आहे, हे आपण लढून पटवले. मग अक्काची न मिटणारी मूठ हा खासगी प्रश्न कसा? एका हाताला गोळी आणि पाना यांपैकी एकच धरता येत असेल, तर तो नोकरीच्या अटींचा प्रश्न आहे.

आता ज्या भगिनी या गोळ्या घेत आहेत त्यांच्यासाठी, डॉक्टरांकडून ऐकलेले थोडे. पहिली गोष्ट, त्रास होतो म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. त्रास सांगा. डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून पाहतात, एकीऐवजी दुसरी देतात. एका गोळीने धरलेले सांधे दुसरीने मोकळे झाले असे पुष्कळदा होते. काहींना सकाळऐवजी रात्री गोळी घेतल्याने बरे वाटते. सांधेदुखीवर चालणे आणि हातापायांचा व्यायाम खरोखर लागू पडतो. अमेरिकेत २०१५ साली छापलेल्या एका चाचणीत वर्षभर आठवड्याला १५० मिनिटे चालणे व दोनदा वजनाचा व्यायाम करणाऱ्या स्त्रियांची दुखणी स्पष्ट कमी झाली. आमच्या अक्काला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “दादा, दिवसभर काय मी गादीवर लोळते का?” तिचे म्हणणे रास्त आहे. राबणे आणि व्यायाम एक नव्हे. राबून झाल्यावर व्यायामाला वेळ आणि ताकद कुठून आणायची, हेही रोस्टर करणाऱ्याने सांगावे.

लेट्रोझोलच्या जातीची गोळी सुरू करताना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी व्हायला हवी, आणि पुढेही ठराविक काळाने. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व डॉक्टर देतील. अंगातून वाफा येत असतील तर सुती कपडे, जवळ गार पाणी, कडक चहा आणि तिखट कमी. त्याने भागले नाही तर हार्मोन नसलेली औषधे आहेत. मात्र टॅमॉक्सिफेन चालू असताना मन खिन्न होण्यावरची काही औषधे, जशी पॅरोक्सेटिन, त्याचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आपण कोणती गोळी घेतो ते आधी सांगा. ‘स्त्रियांच्या तक्रारींवर’ म्हणून विकली जाणारी चूर्णे विचारल्याशिवाय घेऊ नका, काहींत हार्मोनसारखे गुण असतात. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, किंवा एकदम धाप लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

एक गोष्ट आमच्या पुरुष सभासदांना. ही गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या अंगाला आतून कोरडेपणा येतो, नवराबायकोचा संबंध तिला दुखतो. ती बोलत नाही. नवरा समजतो हिचे मन उडाले. आम्ही असल्या गोष्टी या पानावर कधी लिहिल्या नाहीत, लिहायला हात अडखळतो. पण यावरून घरे मोडताना आम्ही पाहिली आहेत. यालाही उपाय असतात. बाईला बोलता येत नसेल तर नवऱ्याने सोबत जावे आणि डॉक्टरांना विचारावे.

पोस्टातल्या बंधू-भगिनींची स्थिती वेगळी आहे आणि काही बाबतींत वाईट. चेन्नई, मुंबई, पुण्यात सी.जी.एच.एस.चा दवाखाना तरी आहे. लहान गावच्या पोस्टात औषध आधी विकत घ्या, मग बिल लावा, मग वाट पाहा. ग्रामीण डाकसेवक भगिनीला तर नियमित कर्मचाऱ्यासारखी वैद्यकीय सोयच नाही. उन्हात सायकलवरून टपाल वाटणारी बाई गोळ्या स्वतःच्या तुटपुंज्या भत्त्यातून घेणार, आणि महिना ओढाताणीचा गेला की आधी गोळीच टाळणार. त्यांच्या संघटनांनी हा प्रश्न आमच्याही मागणीपत्रात घालायला सांगावे. आम्ही घालू.

पैसा नाही ही सबब तर सांगूच नये. टॅमॉक्सिफेनचे पेटंट केव्हाच संपले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आपल्या राष्ट्रीय यादीतही आहे. खर्च गोळीचा नाही. हेलपाटे महाग पडतात. एका रेल्वे दवाखान्यात अक्काला गोळी ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हणून लोकल पर्चेसची चिठ्ठी मिळाली, त्यासाठी तिने तीन दिवसांत तीन खेपा घातल्या आणि तिन्ही दिवसांची रजा खर्ची पडली. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, तपासणीचा दिवस ड्युटीत धरा, सांधे सकाळी धरतात तर पहिली पाळी देऊ नका, शेडमध्ये पंखा आणि बायकांना दार असलेले शौचालय द्या, फिट सर्टिफिकेटवर ‘उपचार चालू, अमुक काम देऊ नये’ असे लिहिण्याची डॉक्टरांना मोकळीक द्या, आणि त्या लिहिण्याला साहेबाच्या मर्जीपेक्षा अधिक वजन द्या. यात कोणते राज्य बुडते? ‘एकीला दिले की सगळ्या मागतील,’ असे आम्हांला तोंडावर सांगण्यात आले. मागू द्या. मागणाऱ्या किती आहेत हे तरी प्रशासनाला कळेल.

प्रशासनाला बोलताना आम्ही स्वतःला वगळत नाही. हार घालायला आमच्या शाखेचे बारा पदाधिकारी हजर होते. ‘पुढचा उपचार काय?’ हे बारांपैकी एकानेही विचारले नाही. त्या बारांत बाई एकही नव्हती. अक्का हसली होती ती का, हे आम्हांला पाच महिन्यांनी कळले. त्याआधी, सिकवरून परत आल्या आल्या, तिने पिट लाइनऐवजी स्टोअरमध्ये काम मागणारा अर्ज आमच्याकडे दिला होता. ‘सध्या राहू द्या, नाहीतर इतरही बदली मागतील’ असे म्हणून आम्हीच तो कपाटात ठेवला. साहेबाचेच वाक्य आम्ही साहेबाच्या आधी बोललो.

तो अर्ज आता बाहेर काढला आहे. अक्काची गोळी डॉक्टरांनी बदलली. मूठ पूर्वीसारखी मिटते असे नाही, पण चहाचा पेला धरता येतो आणि ती रोज गोळी घेते. तिला स्टोअरमध्ये बसवले आहे, तेही तोंडी हुकमावर, कागद नाही. मेमोच्या खुलाशात आम्ही चार ओळी लिहिल्या: पाना हातातून पडला हे खरे, हात उपचारामुळे धरला आहे, उपचार सरकारी डॉक्टरांनीच दिला आहे, तो अजून ४ वर्षे चालणार आहे. त्यावर आजतागायत उत्तर आलेले नाही. पुढच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेत हा विषय आम्ही लेखी दिला आहे, आणि चर्चेला अक्का स्वतः आमच्याबरोबर येणार आहे. दर शनिवारी संध्याकाळी ५ नंतर ती शाखा कार्यालयात बसते. ज्या भगिनींनी अशा गोळ्या गुपचूप बंद केल्या आहेत त्यांनी आमच्याशी बोलण्याची गरज नाही, तिच्याशी बोलावे.